महापुरुषांचं हस्ताक्षर, महापुरुषांचं वचन: खरं की खोटं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने कागद आणि जुनी वचनं तपासायची सवय लागल्यापासून ओळखीचे लोक सारखे काहीतरी पाठवत असतात, कधी फ्रेम केलेल्या सहीचा फोटो तर कधी सूर्योदयाच्या चित्रावर लिहिलेलं कुणाचंतरी वाक्य, आणि खाली एकच ओळ, "हे खरं आहे का हो?" तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

घरात एका थोर माणसाच्या सहीचं पत्र फ्रेम करून ठेवलंय. अस्सल आहे का हे घरीच कळेल का?

अस्सल आहे हे घरी नाही कळणार. पण छापील आहे का हे बऱ्याचदा दोन मिनिटांत कळतं आणि निम्मं काम तिथेच होतं. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, कागद फ्रेममधून बाहेर काढा (काचेतून बघून काही उपयोग नाही) आणि सहीची एक रेघ नीट बघा. ठिपके दिसले, निळे गुलाबी पिवळे, तर ती छपाई आहे, विषय संपला. पेनानं किंवा टाकानं लिहिलेली रेघ अखंड असते, वळणावर शाई जरा साचलेली असते, शेवटाला झटका दिलेला असतो तिथे रेघ बारीक होत जाते, आणि जिथे एक रेघ दुसरीला ओलांडते तिथे रंग गडद होतो. मग खोलीतला दिवा घालवून मोबाईलचा टॉर्च कागदाला अगदी चिकटवून आडवा धरा, निबेनं कागद दाबला गेला असेल तर त्याच्या सावल्या पडतात. मी एकदा एक सुंदर चौकट हौसेनं विकत घेतली होती, विकणाऱ्यानं शपथा घेऊन अस्सल म्हणून दिली, घरी येऊन भिंग लावलं तर ठिपकेच ठिपके. तेव्हापासून भिंग खिशातच असतं.

ठिपके दिसले नाहीत म्हणजे अस्सल असं मात्र नाही हं. हातानं केलेली नक्कल पण हातानंच केलेली असते.

कागद पिवळा पडलाय, कडा झिजल्यात, मग जुनाच ना?

चहात बुडवला की कोणताही कागद दुपारपर्यंत म्हातारा होतो. गंमत नाही, १९८३ मधे जर्मनीत हिटलरच्या ज्या डायऱ्या गाजल्या त्यांच्या पानांवर बनवणाऱ्यानं खरोखरच चहा ओतला होता.

कागदाचं वय रंगावरून नाही, घडणीवरून काढतात. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आला, त्याआधी युरोपात चिंध्यांपासून कागद करायचे. हातकागद उजेडासमोर धरला की आत साच्याच्या जाळीच्या रेषा दिसतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी रसायनं घालतात ती तर साधारण १९५० नंतरची, अशा कागदावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की निळसर चमकतो. त्या डायऱ्यांचा कागद असाच चमकला, म्हणजे ज्या माणसानं १९४५ साली आत्महत्या केली तो नंतरच्या कागदावर लिहीत होता असं मानावं लागलं असतं.

शाईचं पण तसंच. युरोपातल्या जुन्या कागदांवर जी लोहयुक्त शाई असते ती लिहिताना फिकट असते, हवा लागली की काळी होते आणि पुढे कित्येक वर्षांनी तपकिरी पडते, कधीकधी कागदच खाऊन टाकते. आपल्याकडची काजळी आणि डिंकाची शाई मात्र काळीची काळीच राहते. त्यामुळे कुणी जुनं मोडी पत्र दाखवून "बघा शाई कशी तपकिरी झालीये, किती जुनं असेल" असं म्हणाला की मला उलटाच संशय येतो, कारण तो तपकिरी रंग त्यानं बहुतेक सिनेमात बघितलेला असतो.

कार्बन डेटिंग केलं की प्रश्नच मिटला, नाही का?

नाही मिटत. कार्बन १४ ची चाचणी कागद ज्या झाडाचा किंवा गवताचा झालाय ते कधी मेलं ते सांगते, त्यावर कुणी कधी लिहिलं ते नाही सांगत. जुन्या पोथ्यांमधली, वहीखात्यांमधली कोरी पानं फाडून वापरणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना डाव. शिवाय साधारण १६५० ते १९५० या काळासाठी ही चाचणी फारच ढोबळ उत्तर देते, नेमकं आपल्याला ज्या काळाचं हवं असतं तिथेच.

२०१२ मधे येशूला बायको होती असं सुचवणारा पपायरसचा (पाणवनस्पतीपासून करायच्या त्या प्राचीन कागदाचा) एक तुकडा प्रसिद्ध झाला. चाचणीत पपायरस जुना निघाला, सातव्या ते नवव्या शतकाच्या आसपासचा, सगळे खूष. पण मजकूर एका प्राचीन ग्रंथातले शब्द इकडून तिकडून उचलून जोडलेला होता, आणि त्या ग्रंथाच्या इंटरनेटवरच्या प्रतीत जी एक टायपिंगची चूक होती तीसुद्धा त्या तुकड्यात जशीच्या तशी उतरली होती! पपायरस खरा आणि लेख खोटा. २०१६ मधे एका पत्रकारानं तुकडा कुठून कुठून आला याचा माग काढला तेव्हा उरलंसुरलं पण कोसळलं.

रसायनांच्या चाचणीचा खरा उपयोग "खोटं" सिद्ध करायला होतो. येल विद्यापीठाकडचा व्हिनलंड नकाशा पंधराव्या शतकातला म्हणून १९६५ मधे जगासमोर आला, त्याच्या शाईत टायटॅनियमचा असा रंग सापडला जो १९२० च्या दशकाआधी वापरात नव्हताच, शेवटी २०२१ मधे येलनंच तो बनावट असल्याचं जाहीर केलं.

अक्षर अगदी हुबेहूब जुळतंय! तज्ज्ञानं पण जुळवून बघितलं.

कशाशी जुळवलं? हा प्रश्न पहिला. हिटलरच्या डायऱ्यांच्या वेळी हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळतंय असं सांगितलं, आणि ते खरंच जुळत होतं, कारण जुळवायला दिलेल्या नमुन्यांमधले काही नमुने त्याच बनावटगिरानं, कोनराड कुयाऊनं, लिहिलेले होते. म्हणजे त्याचं अक्षर त्याच्याच अक्षराशी जुळलं, यात नवल ते काय. त्यानं तर डायऱ्यांच्या कव्हरवर गॉथिक, म्हणजे जुन्या जर्मन वळणाच्या, ए च्या जागी चुकून एफ चिकटवला होता, आणि 'ए एच' ऐवजी 'एफ एच' लिहिलेल्या साठावर वह्यांसाठी श्टेर्न मासिकानं ९० लाखांहून जास्त मार्क मोजले.

दुसरी गोष्ट, जास्त जुळणं हे पण वाईटच. तुम्ही स्वतःची सही लागोपाठ दहा वेळा करून बघा, दोन सह्या तंतोतंत एकसारख्या येणार नाहीत. अमेरिकेत १८६८ च्या सुमाराला हाउलंड मृत्युपत्राचा खटला चालला, त्यात दोन सह्यांमधल्या तीसच्या तीस उभ्या रेघा एकमेकींवर बसत होत्या, तेव्हा बेंजामिन पियर्स या गणितज्ञानं साक्षीत सांगितलं की नैसर्गिकपणे असं होण्याची शक्यता जवळपास शून्य आहे. म्हणजे एक सही दुसरीवरून गिरवलेली. गिरवलेल्या अक्षराची रेघ भिंगाखाली थरथरलेली दिसते, मधेच थांबून परत सुरू झालेली, कारण लिहिणारा लिहीत नसतो, चित्र काढत असतो.

सुलेखनाच्या जुन्या कलाकृतीवर कलाकाराचं नाव आहे. मग त्याचीच ना?

इथे जरा थांबू, कारण सुलेखनात नक्कल म्हणजे फसवणूक हे समीकरण चालत नाही.

चीनमधला सगळ्यात थोर सुलेखनकार म्हणजे वांग शीझी. त्याची सर्वात प्रसिद्ध कलाकृती इसवी सन ३५३ ची, लानटिंगच्या मंडपात जमलेल्या कवींच्या संग्रहाची प्रस्तावना, २८ ओळी आणि ३२४ अक्षरं. त्यात एकच अक्षर वीसेक वेळा येतं आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वळणानं येतं, रसिक त्यावरच जीव टाकतात. आणि मूळ कागद? तो जगात नाही. सम्राट ताईझोंगला तो इतका आवडला की त्याच्याबरोबर थडग्यात पुरला असं सांगतात. आज आपण बघतो त्या सगळ्या नकला, त्यातली बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली फंग चंगसूच्या नावाची प्रत सर्वात नावाजलेली. या नकला करायची पद्धत पण बघण्यासारखी, मूळ कागदावर पातळ कागद ठेवायचा, प्रत्येक अक्षराची केसाएवढी बाह्यरेषा काढायची आणि मग आत शाई भरायची. हे काम दरबारात उघडपणे, मानानं चालायचं. म्हणून तिथे प्रश्न "खरं की खोटं" एवढाच नसतो, ही कोणत्या काळातली नक्कल, कुणी केली, कुणासाठी केली, आणि ती काय म्हणून विकली जातेय हा असतो.

बगदादच्या याकूत अल-मुस्तासिमी या सुलेखनकाराचं तसंच. तो १२९८ मधे वारला, पण पुढच्या लोकांनी गुरूची वळणं गिरवताना खाली गुरूचं नाव पण गिरवलं, कुणी आदरानं, कुणी पैशासाठी. त्यामुळे "याकूतनं लिहिलं" असं लिहिलेल्या ढीगभर कलाकृतींमधल्या त्याच्या हातच्या फारच थोड्या. नाव हा पुरावा नाही, नाव हा दावा आहे.

चिनी कलाकृतींवर मात्र एक सोय असते, मालक आपापले लाल शिक्के चित्रावरच मारत आले. छियानलोंग सम्राट तर याबद्दल बदनाम आहे, चांगली मोकळी जागा दिसली की शिक्का! दिसायला कसंही असलं तरी त्यातून कागद कुणाकुणाच्या हातातून गेला हे वाचता येतं. अर्थात शिक्के पण बनावट निघतात.

आमच्याकडे शिवकाळातलं मोडी पत्र आहे, मुद्रा आहे. म्हणजे महाराजांच्या हातचं ना?

मुद्रा अस्सल असली तरी हातचं नाही. राजे पत्र सांगायचे, लिहायचे चिटणीस आणि कारकून. वर मुद्रा, शेवटी "मर्यादेयं विराजते" हे मोर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये. बघा, बनावटीची भीती तेव्हाही होतीच, बंदोबस्त पत्रातच करून ठेवलाय. तेव्हा "राजाचं पत्र" आणि "राजाचं हस्ताक्षर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हस्ताक्षर राजाचं नसलं म्हणून अस्सल पत्राची किंमत काडीची कमी होत नाही.

तपासताना मी आधी अक्षर बघतच नाही, तारीख बघतो. राज्याभिषेक शक ही महाराजांची कालगणना इसवी सन १६७४ मधे सुरू झाली, त्यामुळे १६६० च्या घटनेच्या पत्रावर राज्याभिषेक शक असेल तर ते पत्र तिथल्या तिथे बाद. सुहूर सन (तेव्हाच्या कागदपत्रांतली आणखी एक कालगणना) असेल तर त्याचे आकडे अरबी शब्दांत येतात, ते शक, महिना, तिथी आणि वाराशी जुळतात का हे गणितानं काढता येतं, बनावट करणारा इथे हमखास आळस करतो. मग बाकीचं: जुन्या मोडीत आधी आडवी रेघ मारून त्याखाली सलग लिहीत जातात, शब्दांमधे जागा सोडत नाहीत आणि स्वल्पविराम, उद्गारचिन्ह वगैरे भानगडच नसते, ती विरामचिन्हं इंग्रजी अमलात छापखान्याबरोबर रुळली. एका "शिवकालीन" पत्राच्या फोटोत मी अवतरणचिन्हं बघितली आहेत, दोन्ही बाजूंना, एकदम टापटीप.

मजकुरावरून बनावट कशी ओळखतात?

काळाशी विसंगत काहीतरी सापडतंच. लोरेंझो वाल्ला नावाच्या इटालियन पंडितानं १४४० मधे हेच केलं, सम्राट कॉन्स्टंटाइननं पोपला पश्चिमेची सत्ता दान दिली असं सांगणारा दस्त त्यानं फक्त भाषेवरून खोटा ठरवला, कारण त्यातली लॅटिन आणि पदांची नावं चौथ्या शतकातली नव्हतीच.

आणि दुसरं टोक म्हणजे फ्रान्समधला व्ह्रँ-लुका. यानं १८६० च्या दशकात मिशेल शाल या मोठ्या गणितज्ञाला हजारो पत्रं विकली, त्यात क्लिओपात्राचं सीझरला पत्र होतं, मेरी मॅग्डालीनचं होतं, आणि ही सगळी मंडळी फ्रेंचमधे लिहीत होती! शाल मूर्ख नव्हता हो. त्याला ती पत्रं खरी हवी होती, कारण त्यातल्या काहींवरून गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी एका फ्रेंच माणसानं लावला असं ठरत होतं. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण कागद तपासायच्या आधी स्वतःला एक विचारायचं असतं, हा खरा निघावा असं मला किती वाटतंय? जितकं जास्त वाटतंय तितकं भिंग जास्त वेळ धरायचं.

आता वचनांकडे वळू. "जगात जो बदल हवा तो आधी स्वतः बना", हे गांधीजींचंच ना?

या शब्दांत त्यांच्या लिखाणात सापडत नाही. त्यांचं समग्र वाङ्मय १०० खंडांचं आहे, शोधता येतं. १९१३ मधे त्यांनी लिहिलेलं जवळचं वाक्य आहे, साधारण असं की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. विचार जवळचा आहे पण घोषणा नाहीये, पुढच्या कुणीतरी ते तासून टी-शर्टवर मावेल एवढं केलं.

"आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, मग तुम्ही जिंकता" हे तर त्यांचं असल्याचा काहीच पुरावा नाही. याच्याशी मिळतंजुळतं बोलणं निकोलस क्लाइन या अमेरिकन माणसानं १९१८ मधे कामगार संघटनेच्या अधिवेशनात केलं होतं, तिथे शेवट "आणि मग ते तुमचे पुतळे उभारतात" अशा अर्थाचा आहे.

वचनं अशीच मोठ्या नावाकडे सरकतात. "तुझं म्हणणं मला पटत नाही पण ते मांडायच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन" हे व्हॉल्टेअरचं नाही, एव्हलिन हॉल या लेखिकेनं १९०६ च्या पुस्तकात व्हॉल्टेअरची वृत्ती सांगताना स्वतः रचलेलं वाक्य आहे. भाकरी नाही तर केक खा हा किस्सा रूसोनं लिहिला तेव्हा ज्या राणीच्या नावावर तो सांगतात ती मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात राहणारी लहान मुलगी होती.

मेकॉलेचं ते १८३५ चं भाषण तरी खरं असेल, त्याचा तर फोटोपण फिरतो.

"मी भारतभर फिरलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही" तेच ना. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमधे केलेलं भाषण म्हणून फिरतं. त्या दिवशी मेकॉले होता कलकत्त्यात, आणि त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण प्रसिद्ध आहे. ते टिपण वाचा, भारतीय विद्येबद्दल तो त्यात इतकं तुच्छतेनं बोललाय की आपल्याला चीड यायला खोट्या भाषणाची गरजच नाही. मला याचंच आश्चर्य वाटतं, खरा कागद हाताशी असताना लोक खोटा का उचलतात.

"तुका म्हणे" आहे म्हणजे तुकोबांचाच अभंग, बरोबर?

नाममुद्रा कुणीही घालू शकतो, आणि घातलीये. संतांच्या गाथांमधे मागाहून शिरलेल्या रचनांना क्षेपक म्हणतात, नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्यात हे अभ्यासकांनी कधीच दाखवलंय, कारण "नामा म्हणे" दोघांचंही. कबीराचं तर विचारूच नका. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही, भक्तीनं पण लोक गुरूच्या नावानं लिहितात, कीर्तनात एखादी ओळ सुचते आणि पुढच्या वहीत उतरते.

हा त्रास नवा नाहीये. एकनाथांनी शके १५०६ मधे, म्हणजे १५८४ मधे, ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला, आणि शेवटी ताकीद देऊन ठेवली की जो यात स्वतःची ओवी घालेल "तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली". अमृताच्या ताटात करवंटी! घुसडणाऱ्याला याहून चांगली शिवी मी तरी ऐकलेली नाही.

मग तपासायचं कसं, तर सर्वात जुन्या हस्तलिखितात आहे का ते बघायचं. छापील गाथेची प्रस्तावना लोक वाचत नाहीत, पण कोणत्या वह्यांवरून काय घेतलं ते तिथेच लिहिलेलं असतं. आणि भाषा. सतराव्या शतकातला माणूस "सकारात्मक विचार" म्हणत नाही.

शिवाजी महाराजांच्या नावानं फिरणाऱ्या सुविचारांचं काय?

त्यांच्या अस्सल पत्रांची भाषा एकदा वाचा, मग कान आपोआप तयार होतो. १६७३ चं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र घ्या. त्यात काळजी कसली, तर दाणागवत आत्ताच उधळलं तर पावसाळ्यात घोडी मरतील, लोक रयतेकडून ओरबाडतील, आणि रात्री घरात दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल नि गवताला आग लागेल. उंदीर आणि वात! एवढं बारीक, एवढं कामाचं बोलणारा माणूस गुळगुळीत यमकात मोटिव्हेशनल बोलत नसतो. अस्सल पत्रात कुणालातरी, कुठेतरी, कशाबद्दल तरी सांगितलेलं असतं. खोट्या वचनाला ठाव नसतो, ते सगळ्यांना सगळीकडे लागू पडतं.

वचन खरं आहे का हे मी स्वतः कसं शोधू?

वाक्यातले चारपाच कमी वापरातले शब्द अवतरणचिन्हात टाकून जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमधे शोधा आणि सगळ्यात जुनी नोंद कधीची ते बघा. माणूस गेल्यावर पन्नास वर्षांनी वाक्य पहिल्यांदा छापलेलं दिसलं तर समजून जा. संदर्भ म्हणून फक्त नाव असेल, पुस्तक नाही, पान नाही, तारीख नाही, तर तो संदर्भच नव्हे. सुविचारांच्या वेबसाइट एकमेकींवरून उचलतात, त्यामुळे पन्नास वेबसाइटवर आहे म्हणजे पन्नास पुरावे नाहीत, एकच आहे. भाषांतर असेल तर मूळ भाषेतलं वाक्य मागा.

चॅटबॉटला विचारलं, त्यानं पुस्तकाचं नाव आणि पान पण दिलं.

ते पान उघडा. बरेचदा त्या पानावर ते वाक्य नसतं, कधी पुस्तकच नसतं.

पण वचन चांगलं आहे ना, कुणाचं का असेना, काय बिघडलं?

चांगलं असेल तर नावाशिवाय पाठवा, चालेल का? नाही ना चालत. म्हणजे वजन वाक्याचं नाही, नावाचं आहे, आणि ते उसनं घेतलेलं आहे. शिवाय ज्यानं खरं लिहिलं त्या बिचाऱ्याचं नाव पुसलं जातं.

कागद तपासायला द्यायचाय. त्याआधी काय करू?

काही करू नका, हेच सांगतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, सेलोटेप नको, ओल्या फडक्यानं पुसू नका, काजळीची शाई पाण्यानं फिसकटते. घरात कुणाकडून आला, कधी, कुणाच्या पेटीत होता, हे आजीआजोबांना विचारून आत्ताच लिहून ठेवा, कारण प्रयोगशाळा शाई सांगेल पण हे सांगणार नाही. पेटीतले बाकीचे बिनकामाचे वाटणारे कागद, हिशेबाच्या चिठ्ठ्या, पावत्या फेकू नका, बरेचदा त्यांच्यावरूनच मुख्य कागद कुठला ते ठरतं. मग मोडी असेल तर मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाकडे किंवा सरकारी पुराभिलेखागारात न्या, आणि जो विकत घ्यायला उत्सुक आहे त्याच्याकडूनच तपासून घेऊ नका. फोटो काढाल तेव्हा सपाट ठेवून, बाजूला मोजपट्टी ठेवून काढा, आणि मागच्या बाजूचा पण काढा. मागची बाजू बहुतेक लोक पाठवतच नाहीत, आणि पत्ता, तारीख, जुन्या मालकाची खूण असं सगळं तिथेच असतं.